हिरव्यातला निळा

११ नोव्हेंबर, सोमवार

सुमेधा म्हणते, घरात भांडी आपटण्यापेक्षा वहीत आपटा. म्हणून ही वही. बायकोचं एकदा तरी ऐकलं, याची नोंद राहू दे.

आज ॲल्रॉयने कारखान्यात नवीन मुलगी आणली. क्षितिजा. वय सव्वीस, कापडाच्या डिझाइनचा कसला तरी डिप्लोमा, नालासोपाऱ्याहून येते. "अंकल, 'तृणा'चं काम मोठं आहे, तुम्हाला हेल्पिंग हँड." मला दोन हात आहेत. एकतीस वर्षं या हातांनी गोखिवऱ्याच्या या शेडमध्ये रंग घोटलेत. याचा बाप रॉबर्ट आणि मी मिळून हा रंगाई-छपाईचा कारखाना उभा केला, तेव्हा हा ॲल्रॉय कापडाच्या ढिगात झोपायचा. रॉबर्ट गेल्यापासून त्याला सगळ्यात कोर्स केलेलं माणूस लागतं.

'तृणा' ही मुंबईची नवीन कपड्यांची कंपनी. त्यांना सगळं हिरवं हवंय. कुर्ते, साड्या, ओढण्या, पिशव्या, खोकी, नावाची पट्टीसुद्धा. सात हिरवे, आणि सातही एकमेकांशेजारी शोभायला हवेत. लाल-हिरवा कुणीही जुळवतं. हिरव्याशेजारी हिरवा ठेवणं हे खरं काम. प्रत्येक हिरव्याचं माहेर असतं, पिवळ्यातलं नाहीतर निळ्यातलं. दोन माहेरच्या दोघी एका खोलीत कोंडल्या की भांडतात. मध्ये तिसरी लागते, दोघींचंही ऐकणारी. हे मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. आमच्या पानमळ्यात शिकलो. बाबा विड्याची पानं निवडायला बसवायचे. कोवळं वेगळं, जून वेगळं, पिवळेपणाकडे झुकलेलं वेगळं. एक चुकलं की टपली.

त्या पोरीने आल्या आल्या विचारलं, "काका, तुम्ही फॉर्म्युला कुठे लिहिता?" वही दाखवली. पेनाने लिहिलेली, एकतीस वर्षांची, अशा चौदा वह्या आहेत. ती म्हणाली, "एक्सेलमध्ये टाकू का?" टाक म्हटलं, चुलीत.


१४ नोव्हेंबर

शेडमध्ये नवे दिवे लावलेत. भिकार उजेड. सगळं चहात बुडवल्यासारखं. ॲल्रॉयला बोललो, तर म्हणतो, "अंकल, हे तर प्युअर व्हाइट आहेत." याला पांढरा कशाला म्हणतात ते कळत नाही आणि हा रंगाचा कारखाना चालवतो.

घरीही तेच. शर्ट पिवळा पडलाय म्हटलं, साबण बदल. सुमेधा म्हणाली, "अहो, तो परवाच आणलाय, एकदाही धुतला नाही." मग लगेच, "डोळे दाखवून घ्या ना एकदा." झालं सुरू. मला पेपर वाचता येतो, सुईत दोरा ओवता येतो. सकाळी एका पायात काळा, एका पायात निळा मोजा घातला एवढंच. त्यावर दिवसभर हसत होती.


१९ नोव्हेंबर, मंगळवार

सात हिरवे ठरले. कागदावर माझ्या मनातून उतरवले, पुस्तकातून नाही. केळीचा कोंभ. कोवळं पान. जून पान. कैरी. भाताची लोंबी भरायच्या आधीचं शेत. विहिरीच्या कठड्यावरचं शेवाळ. आणि सातवा काळपट, फणसाच्या पानाचा, जो बाकीच्या सहांना धरून ठेवतो. ग्रॅम मोजून वहीत लिहून दिले. धर्माने तुकडे रंगवले. आज तृणाच्या रीमा मॅडम आल्या होत्या. तुकडे टेबलावर मांडले आणि बाई गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "मास्टर, मला हेच सांगता येत नव्हतं."

ॲल्रॉयने माझा हात दाबला. रॉबर्ट असता तर पाचूबंदरला जाऊन पापलेट आणलं असतं.

धर्मा मात्र नेहमीसारखा कोपऱ्यात उभा. बावीस वर्षं रंग ढवळतोय. मी लिहायचं, त्याने ढवळायचं. कौतुक कर म्हटलं तरी त्याच्या तोंडातून शब्द निघत नाही.


२६ नोव्हेंबर

आज डोक्यात तिडीक गेली.

जेवणाच्या सुट्टीत ती क्षितिजा दोन तुकडे घेऊन आली. "काका, हा तुम्ही पास केलेला, कोवळं पान. आणि हा मी वहीतल्या मापाने घरी रंगवून पाहिला, शिकायचं म्हणून. दोन वेगळे आलेत. माझा खूप निळा झालाय."

मी दोन्ही तुकडे बघितले. एकच. अगदी एकच. मी तिला तसं सांगितलं.

"उन्हात बघाल का?"

उन्हात गेलो. एकच.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "काका, खरंच? मी परत मोजलं हो, तीनदा मोजलं. वहीत निळा दहा लिहिलाय. सहा टाकला तर बरोबर येतो."

म्हणजे माझी वही चूक! जे तुकडे पाहून रीमा मॅडम गप्प झाल्या ते आले कुठून मग? याच वहीतून. एवढंही कळत नाही? का सगळं कळून माझी गंमत चाललीय, एकसारखे दोन तुकडे दाखवून म्हाताऱ्याला वेगळे म्हणायला लावायचं? धर्मा शेजारी डबा खात होता. त्याला विचारलं, "धर्मा, मापात काही गडबड होते का?" त्याने घास गिळला. "नाय मास्तर. तुमी लिवता तसाच."

झालं. पोरगी लाल झाली आणि गेली.


२८ नोव्हेंबर

संध्याकाळी स्कूटरवरून येताना समोरच्या गाड्यांचे दिवे फुटल्यासारखे पसरतात. हल्ली सगळेच दिवे वर मारतात. लाज नाही, कायदा नाही. एका रिक्षावाल्याला थांबवून शिव्या घातल्या. त्याचा दिवा बंदच होता म्हणे. मागच्याचा असेल.


४ डिसेंबर, बुधवार

सापडली.

आज जुनं पान बघायला वही उघडली, तर माझ्या आकड्यांच्या बाजूला पेन्सिलीने बारीक आकडे. निळा १०, बाजूला ६. निळा १४, बाजूला ९. पिवळ्याला हात नाही, फक्त निळा. मागे मागे उलटत गेलो. कितीतरी पानांवर तेच. माझ्या वहीत! रॉबर्टनेही कधी माझ्या वहीला हात लावला नाही. साबणाने हात धुऊन मग उघडायचा.

वही घेऊन सगळ्यांसमोर गेलो. "हे कुणाचं?"

क्षितिजा म्हणाली, "माझं अक्षर नाही काका."

"मग सहा-दहा कोण करत होतं परवा? मी?"

"मी तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं. वहीत कशाला लिहीन?"

"माझी वही चुकीची ठरवायला. माझी जागा हवीय तुला. खोटारडी कुठली!"

ॲल्रॉय मध्ये आला, "अंकल, प्लीज." धर्मा पिंपामागे काहीतरी पुसत होता. विकी, तो मशीनवरचा मुलगा, तोंड उघडं टाकून उभा होता.

मी ॲल्रॉयला सांगितलं, उद्यापासून ती तरी नाहीतर मी तरी.


५ डिसेंबर

ती गेली. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही. बरं झालं.

सुमेधाला सांगितलं. तिने पोळी लाटता लाटता विचारलं, "ते आकडे किती जुने होते?" म्हटलं, असतील वर्ष-दीड वर्षापासूनचे. "आणि मुलगी कधी आली?" तिला काय करायच्यात चौकश्या? मागची पानंही खराब केली असणार, वही जुनी चूक दिसावी म्हणून. हुशार आहे ती, मी म्हणतोच आहे.


११ डिसेंबर

ॲन्सेल्मचा फोन. वसई पूर्वेला त्याचा आमच्यापेक्षा दुप्पट मोठा कारखाना आहे. क्षितिजा त्याच्याकडे कामाला अर्ज घेऊन आली होती. "सुधाकर, तुझा शब्द म्हणजे शब्द. मुलगी कशी आहे?" मी खरं ते सांगितलं. वहीत खाडाखोड करते, तोंड वर करून खोटं बोलते. रीमा मॅडमनाही परवा हेच सांगितलं, कारण त्या तिच्याबद्दल विचारत होत्या. खरं बोलायला मी कुणाला भीत नाही.


१७ डिसेंबर, मंगळवार

धर्माची आई गेली. दुपारी घरी जाऊन आलो. अंगणात बसला होता, डोकं भादरलेलं. मला बघून उठला. म्हणाला, "मास्तर, तृनाचा लॉट दिवस होईपरयंत थांबवा." म्हटलं, नाताळच्या आधी पूर्ण करायचाय, विकी करील, माप तर वहीत आहेच. "विकीला काय जमनार नाय. मी तिसऱ्या दिवशी येतो." आईला अग्नी देऊन आलेला माणूस आणि याला लॉटची काळजी! रागावलो त्याच्यावर. "तेरा दिवस घरात बस. तुझ्यावाचून कारखाना बंद पडत नाही." तो काहीतरी बोलणार होता, पण बायका रडायला लागल्या.


२४ डिसेंबर

पूर्ण लॉट रंगला. सातही हिरवे, कापडाचे गठ्ठेच्या गठ्ठे. विकीला बजावलं होतं, पेनाचा आकडा बघायचा, पेन्सिलीचा नाही. त्याने ग्रॅमचा ग्रॅम पाळला. मी एकेक ठाण हाताने उलगडून बघितलं. उत्तम. ॲल्रॉयच्या घरच्या नाताळासाठी सुमेधाने करंज्या पाठवल्या.


३ जानेवारी, शुक्रवार

गाडी परत आली. सगळा माल. रीमा मॅडम मागोमाग आल्या. ओरडल्या नाहीत. त्यांनी नोव्हेंबरचे पास केलेले सात तुकडे काढले आणि शेडच्या दारात, उन्हात, मालाच्या ठाणांवर एकेक ठेवला. म्हणाल्या, "मास्टर, आम्ही तुमच्याकडे शेत मागितलं होतं. तुम्ही समुद्र पाठवलाय."

मी बघितलं. तुकडा आणि ठाण. तुकडा आणि ठाण.

सगळं एकच होतं.

म्हटलं, बरोबर तर आहे.

ॲल्रॉय, विकी, हिशेबाची बाई, गाडीचा ड्रायव्हर. ड्रायव्हरसुद्धा! सगळे आधी कापडाकडे आणि मग माझ्याकडे बघत होते. ॲल्रॉयने हळूच विचारलं, "अंकल, तुम्हाला हा डिफरन्स दिसत नाही?" कसला फरक? मी विचारलं, कसला? ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, ये तो नीला है."

मी त्याची कॉलर धरली. मी, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. विकीने सोडवलं.

सगळे एक झालेत. त्या पोरीने जाताना कान भरलेत सगळ्यांचे. रीमा मॅडमशी तिचं बोलणं होतंच. माझ्याविरुद्ध रचलेलं आहे हे. एवढी माणसं? ड्रायव्हर कशाला रचेल?

झोप नाही.


४ जानेवारी

कामावर गेलो नाही. सुमेधाने कपाटातून तिचे ब्लाउज काढले, पलंगावर मांडले. "यातला निळा कुठला?" म्हटलं, खेळ बंद कर. "सांगा ना." मी एक उचलला. तिने डोळ्यांना पदर लावला आणि ब्लाउज परत घडी करून ठेवले.

तिच्यावरही ओरडलो.


७ जानेवारी, मंगळवार

डॉक्टर. वसई पश्चिमेला. माझ्या लेकीच्या, ज्ञानदाच्या वयाची. यंत्रात डोळा घालून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, मोतीबिंदू चांगलाच पिकलाय. दोन्हीकडे." आजोबा!

"मला दिसतं," मी म्हटलं.

"दिसतं हो. पण तुमच्या डोळ्यातली भिंगं पिवळी-तपकिरी झालीत. पिवळा चष्मा लावून बसल्यासारखं. निळा आत येतच नाही. हळूहळू होतं ना, म्हणून माणसाला कळत नाही. काम काय करता?"

मी सांगितलं नाही. सुमेधाने सांगितलं. डॉक्टरबाईने पेन खाली ठेवलं.

"किती दिवसांपासून?" सुमेधाने विचारलं. "दीड वर्ष असेल. दोनही असतील," डॉक्टरबाई म्हणाली.

घरी येताना रिक्षात सुमेधा एक शब्द बोलली नाही. "मी सांगत होते" एवढं तरी म्हणायचं. म्हणाली असती तर भांडता आलं असतं.


१७ जानेवारी, शुक्रवार

काल उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. आज पट्टी काढली.

आधी भिंत. दवाखान्याची भिंत पांढरी होती. नीळ घातलेल्या धोतरासारखी पांढरी. नर्सचे कपडे आकाशी होते, मला वाटलं होतं राखाडी. खिडकीबाहेर कुणाच्या तरी गॅलरीत निळी प्लास्टिकची बादली होती. मी त्या बादलीकडे किती वेळ बघत होतो, कोण जाणे. सुमेधा घाबरली.

घरी आल्यावर तिला सांगितलं, माझी पिशवी आण. पिशवीत दोन्ही होते, पास केलेला तुकडा आणि परत आलेल्या ठाणाची पट्टी. कोवळं पान.

उजवा डोळा झाकला. डाव्याने बघितलं. एकच.

डावा झाकला. उजव्याने बघितलं.

एक पान होतं. बाबांच्या हातातलं, पहाटेचं, ओलं. दुसरं मोरपंखी काहीतरी. आजारी. पुरात बुडालेलं कापड.

पुन्हा केलं. दहा वेळा केलं. सुमेधाने शेवटी हात धरला.

ती पोरगी असेच दोन घेऊन उभी होती माझ्यासमोर. तीनदा मोजलं म्हणाली होती. मी तिला खोटारडी म्हटलं.


१८ जानेवारी

रात्रभर एकच प्रश्न. मी निळा दहा लिहिला. दहाने तर समुद्र होतो. मग नोव्हेंबरचे सात तुकडे बरोबर आले कसे? दीड वर्ष माल बरोबर गेला कसा?

पेन्सिल.


२० जानेवारी, सोमवार

काळा चष्मा लावून कारखान्यात गेलो. डॉक्टरबाईने धुळीत जायचं नाही सांगितलंय. गेलो.

धर्मा पिंपं घासत होता. वही त्याच्यासमोर धरली. "हे आकडे तुझे?"

त्याने हात पुसले. बराच वेळ पुसले. "व्हय मास्तर."

"कधीपासून?"

"गेल्या मे महिन्याच्या आदल्या मे महिन्यापासून. तुमी निळा जास्त लिवायला लागलात. पयल्यांदा वाटला चुकून झाला. मंग रोजच. मी कमी टाकायचा. ध्यानात राहात नाय, म्हनून पेन्सिलीन लिवून ठेवायचा."

"मला सांगता येत नव्हतं?"

"सांगितला होता." मान खाली, पण आवाज खाली नव्हता. "गनपतीच्या आधी. तुमी काय बोललात आठवतंय? 'धर्मा, तुझा काम ढवळायचा. बघायचा काम माझा.' सगळ्यांसमोर बोललात."

आठवत नाही. आठवत नाही असं लिहितोय, पण असंच बोललो असणार. माझंच वाक्य आहे ते.

"आणि त्या पोरीच्या वेळी? तुझ्या आकड्यांपायी तिला हाकललं मी. तू पिंप पुसत होतास!"

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. भेकड म्हटलं. माझा घात केलास म्हटलं, दीड वर्ष तू माझे डोळे झाकून ठेवलेस, पहिल्याच दिवशी एक लॉट बिघडू दिला असतास तर मी तेव्हाच डॉक्टरकडे गेलो असतो.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मास्तर, लॉट बिघडला तवा तुमी डॉक्टरकडं नाय गेलात. ड्रायव्हरची कॉलर धरलीत."

विकी हसला. हसू आवरायचा प्रयत्न केला, पण हसला.

"भ्यालो मी त्या दिवशी," धर्मा म्हणाला. "बोललो असतो तर तिच्या जागी मला काडला असतात. ती शिकलेली हाय, तिला कुटं पन काम मिलंल, असा मनाला सांगितला. तिच्याशी चूक झाली माजी. तुमच्याशी नाय झाली."

त्याच्यावरचा राग कुठे ठेवू ते कळत नाही. बावीस वर्षं मला वाटत होतं हा नुसता ढवळतो. विड्याचं पान न निवडलेला माणूस, खाडीकाठच्या भातशेतीतला, आणि माझ्या मनातला हिरवा त्याला माझ्याहून नीट माहीत होता.


२६ जानेवारी, रविवार

नालासोपाऱ्याला गेलो. पत्ता ॲल्रॉयकडून घेतला. तो म्हणाला, "अंकल, फोन करा ना, जाता कशाला?" फोनवर सांगायची गोष्ट आहे का ही?

तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार तिनेच उघडलं. चप्पल घालून कुठेतरी निघाली होती. मला आत ये म्हणाली नाही. आतून आईने विचारलं, "कोण गं?" ती म्हणाली, "कुणी नाही."

मी सगळं सांगितलं. दारातच. मोतीबिंदू, दोन तुकडे, धर्माची पेन्सिल. वाटेत जुळवून ठेवलेलं सगळं उलटसुलट निघालं. शेवटी म्हटलं, "माझे डोळे गेले होते गं. मला दिसतच नव्हतं."

"ते कळलं मला त्याच दिवशी," ती म्हणाली. "उन्हात तुम्ही एकच म्हणालात ना, तेव्हाच. मी ॲल्रॉय सरांना सांगायला गेले होते की काकांचे डोळे तपासा. ते म्हणाले, नको, अंकल हर्ट होतील."

जिन्याची पायरी होती, तिच्यावर बसलो.

"काका, तुम्हाला रंग चुकीचा दिसला तो डोळ्यांमुळे. त्याचा मला राग नाही. पण मला खोटारडी म्हणालात ते डोळ्यांनी नाही म्हणालात."

ती उंबऱ्यातच उभी होती.

"ॲन्सेल्म सरांकडे माझं ऑलमोस्ट फायनल होतं. मग एकदम नाही म्हणाले. का ते सांगितलं नाही. तुम्ही सांगितलंत?"

"हो."

"अजून कुणाला?"

"रीमा मॅडमना."

तिने डोळे मिटले. खूप चिडलेलं माणूस रडायच्या आधी करतं तसे. पण रडली नाही. "मग माझ्याकडे कशाला आलात? मला माहीतच आहे मी खोटं बोलले नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्याकडे जा."

दार लावलं. आपटलं नाही. नीट लावलं.


२७ जानेवारी

रीमा मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे ते सात हिरवे कुणाचे?" म्हटलं, नावं माझी, रंग धर्माचे. त्यांनी लॉट पुन्हा करून द्या म्हटलंय, पण धर्माच्या हातचा. ॲल्रॉयला हे सांगितलं तर तो खूश. त्याच्यावरही चिडलो. "मी हर्ट होईन म्हणून तू एका मुलीचं नाव खराब होऊ दिलंस? तुझ्या बापाने मला तोंडावर गाढव म्हटलं असतं आणि डॉक्टरकडे फरपटत नेलं असतं." तो म्हणाला, "डॅडींना तुमची भीती वाटत नव्हती, अंकल."

त्याचं हे वाक्य दिवसभर अंगावर उभं आहे. मी कधी विचारच केला नव्हता की मला कुणी भीत असेल.


३१ जानेवारी, शुक्रवार

ॲन्सेल्मकडे गेलो. मुद्दाम चहाच्या वेळी. त्याची पंधरा-वीस माणसं शेडमध्ये बसली होती. तो म्हणाला, "ये सुधाकर, केबिनमध्ये बसू." म्हटलं, नाही, इथेच. त्या मुलीबद्दल मी तुला फोनवर एकट्याला सांगितलं, पण ती गोष्ट आता तुझ्या सगळ्या कारखान्याला माहीत असणार. मग हीही सगळ्यांसमोरच.

सांगितलं. आवाज चढलाच. मला हळू बोलता येत नाही. म्हटलं, वहीत खाडाखोड तिने केली नव्हती. चूक माझी होती, आणि तिने ती मला तोंडावर दाखवली, आणि मी तिचं नाव बदनाम केलं.

ॲन्सेल्मला खरं वाटेना. हसायला लागला. "अरे, गेल्या वर्षी ते शेवाळी पडदे तू केलेस ना, मी सगळ्यांना दाखवत होतो, याला म्हणतात नजर."

"नजर धर्माची होती."

"कोण धर्मा?"

"माझ्याकडे रंग ढवळतो तो."

मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. कानशिलं तापली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा असं झालं की मला राग आला आणि तो काढायला मी सोडून कुणी सापडेना. कप न उचलता उभा राहिलो. ॲन्सेल्मचं हसू हळूहळू गेलं. म्हणाला, "मग मुलीला बोलावू म्हणतोस?"

"मी काही म्हणत नाही. माझ्या शब्दावर तिला नाकारलंस, आता माझ्या शब्दावर घेऊ नकोस. तिचं काम बघ."


८ फेब्रुवारी, शनिवार

आठ दिवस लिहिलं नाही. धर्मा आणि मी तृणाचा लॉट पुन्हा करतोय. तो सांगतो, मी लिहितो. तो "मास्तर, आजून कमी" म्हणाला की माझं डोकं उठतं, मग उजव्या डोळ्याने बघतो आणि बरोबर असतं, मग जास्तच उठतं. काल म्हटलं, "जरा चांगल्या शब्दांत सांगत जा." तो म्हणाला, "तुमीच शिकवलाय."

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. तिचा होता.

"काका, क्षितिजा बोलतेय. ॲन्सेल्म सरांनी बोलावलं होतं. ट्रायल घेतली. सोमवारपासून जॉइन होतेय."

"बरं झालं."

"तुम्ही तिथे सगळ्यांसमोर जे बोललात ते मला तिथल्या बाईंनी सांगितलं."

"हं."

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही हं."

"माहीत आहे."

मागे तिच्या आईचा आवाज येत होता, भाजीवाल्याशी घासाघीस चालली होती.

"डावा डोळा कधी आहे?"

"मंगळवारी."

"पहिले आठ दिवस धुळीत जाऊ नका," ती म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवला.